आभासी चलन : कराची वसुली आहे, रक्षण कोठे आहे?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे सास्तूर आणि भोवतालची गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली, तेव्हा सरकारी नकाशात हा सारा प्रदेश भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या विभागात मोडत होता. तो तिसऱ्या विभागात जाण्यासाठी 2002 साल उजाडावे लागले. माणसे आधी मेली आणि नकाशा नंतर बदलला. सामान्य माणसाच्या पुंजीबाबत आज पुन्हा हाच क्रम चालू आहे, आणि या वेळी तर पडझड होऊन गेली तरी नकाशाला कोणी हात लावलेला नाही.

हा प्रश्न आभासी चलनाचा, म्हणजे क्रिप्टोचा आहे. तो मुंबई-बंगळूरच्या सुखवस्तू तरुणांपुरता आहे, असे मानणाऱ्यांनी गेनबिटकॉइनचे प्रकरण आठवावे. दरमहा 10 टक्के परतावा, तोही 18 महिने, असे आमिष दाखवून चालविलेल्या या योजनेचा तपास 2018 मध्ये पुणे पोलिसांनी हाती घेतला, तेव्हा देशभर पसरलेले तिचे जाळे उघडकीस आले. ती उघड फसवणूक होती. परंतु जेथे सारे रीतसर चालले होते तेथे काय झाले? वझीरएक्स या मुंबईहून चालणाऱ्या बाजारमंचावर जुलै 2024 मध्ये सायबर दरोडा पडला. सुमारे 23 कोटी डॉलर, म्हणजे ग्राहकांच्या आभासी मालमत्तेपैकी जवळजवळ 45 टक्के, एका दिवसात गेले. उरलेलेही ग्राहकांना वर्षभर काढता आले नाही. मंचाचा मालक कोण, यावर त्याचे संस्थापक आणि बायनान्स ही परदेशी कंपनी यांच्यात 2022 पासून जाहीर भांडण होते. नुकसान कोणी किती सोसावे याचा आराखडा अखेर मंजूर झाला तो सिंगापूरच्या न्यायालयात. सोयाबीनच्या पट्टीतून दहा हजार रुपये मोबाइलवरून गुंतविणाऱ्या लोहारा तालुक्यातील तरुणाने सिंगापूरला कोणता वकील द्यावा?

युरोपीय संघाने याच प्रश्नाला वेगळे उत्तर दिले आहे, आणि ते आपल्या कार्यकर्त्यांनी बारकाईने समजून घेण्यासारखे आहे. ‘मायका’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा त्यांचा नियम 2023 मध्ये संमत झाला. स्थिर मूल्याच्या नाण्यांविषयीची कलमे 30 जून 2024 पासून आणि उरलेली 30 डिसेंबर 2024 पासून लागू झाली. आधीपासून धंद्यात असलेल्या कंपन्यांना परवाना मिळविण्यासाठी दिलेली सवलत जास्तीत जास्त 1 जुलै 2026 पर्यंतची होती, आणि काही देशांनी तीही आखूड केली. परवान्याशिवाय धंदा नाही, हे पहिले तत्त्व. दुकान मुंबईत असो की सिंगापुरात, युरोपातील ग्राहकास साद घालायची तर परवाना हवाच. त्यातून सुटका एवढीच की ग्राहक केवळ आपल्या मर्जीने, न बोलावता आला असला पाहिजे.

खरे महत्त्व परवान्याच्या अटींना आहे. ग्राहकाची नाणी कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवावी लागतात. कंपनी बुडाली तरी तिच्या धनकोंना त्यांवर हात टाकता येत नाही. सांभाळण्यास दिलेली नाणी कंपनीच्या दोषाने हरवली, तर बाजारभावाच्या मर्यादेपर्यंत भरपाईचे दायित्व तिच्यावर आहे. बाजारमंच चालविणाऱ्याने किमान दीड लाख युरोचे स्वतःचे भांडवल किंवा आदल्या वर्षाच्या स्थिर खर्चाचा चौथा हिस्सा, यांपैकी जे अधिक असेल ते बाळगले पाहिजे. नवे नाणे विकण्यापूर्वी त्याची माहितीपत्रिका प्रसिद्ध करावी लागते आणि तिच्यात दिशाभूल आढळली तर संचालकही जबाबदार ठरतात. युरोच्या मूल्याशी बांधलेले नाणे केवळ बँकेने किंवा परवानाधारक ई-पैसा संस्थेने काढावयाचे, मागताक्षणी दर्शनी किमतीने परत घ्यावयाचे, आणि त्यावर व्याज द्यावयाचे नाही. व्याजाचे आमिषच मुळातून छाटणारी ही शेवटची अट गेनबिटकॉइनच्या बळींना विशेष उमगेल.

आता आपल्याकडील स्थिती पाहा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये तो रद्द केला. 2021 च्या हिवाळी अधिवेशनाच्या कार्यसूचीवर विधेयक आले, परंतु ते मांडलेच गेले नाही. मात्र 2022 च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर 30 टक्के कर बसविला आणि प्रत्येक हस्तांतरणावर 1 टक्का कपात सुरू केली. एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्याचीही सोय ठेवली नाही. लॉटरी आणि घोड्यांच्या शर्यतीतील कमाईवर हाच दर आहे, त्यावरून सरकार या व्यवहाराकडे कोणत्या नजरेने पाहते ते कळते. मार्च 2023 मध्ये काळ्या पैशाविरुद्धचा कायदा या कंपन्यांना लागू झाला. म्हणजे सरकारने स्वतःचा महसूल आणि स्वतःची पाळत यांची तजवीज केली. ग्राहकासाठी काय? मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये आभासी चलन ही मालमत्ता असल्याचे सांगून वझीरएक्सच्या एका ग्राहकाला अंतरिम संरक्षण दिले, हे स्वागतार्हच आहे. परंतु न्यायालयाची पायरी चढेल त्यालाच संरक्षण, हा कायद्याचा पर्याय होऊ शकत नाही. एखादी कंपनी फ्रान्समधील ग्राहकाची नाणी वेगळी ठेवण्यास कायद्याने बांधलेली असावी आणि सास्तूरच्या ग्राहकाला मात्र तिने केवळ आपल्या अटींची लांबलचक यादी दाखवावी, ही विषमता संसदेने निर्माण केलेली नाही. ती संसदेच्या मौनाने निर्माण झाली आहे.

पुरोगामी वर्तुळात यावर एक प्रामाणिक आक्षेप घेतला जातो : हा तर सट्टा आहे, परवाना देणे म्हणजे त्याला प्रतिष्ठा देणे, त्यापेक्षा बंदी घाला. रिझर्व्ह बँकेच्या एका डेप्युटी गव्हर्नरांनीही फेब्रुवारी 2022 मध्ये बंदीकडेच कल दर्शविला होता. आक्षेपातील पहिला भाग खरा आहे. या नाण्यांमागे ना कारखाना, ना शेत, ना श्रम. परंतु महाराष्ट्रात खाजगी सावकारालाही 2014 च्या अधिनियमान्वये परवाना घ्यावा लागतो, बाजार समितीतील अडत्यालाही घ्यावा लागतो. म्हणून समाजवाद्यांनी सावकारीला प्रतिष्ठा दिली, असे कोणी म्हणत नाही. परवान्यामुळे तक्रार कोणाविरुद्ध आणि कोणत्या कलमाखाली करावी, हे तरी ठरते. बंदीचा हुकूम दिल्लीतून निघेल, पण मोबाइलमधील परदेशी दुकान त्याने बंद होणार नाही, आणि मग फसलेला माणूस पोलीस ठाण्यात जाण्यासही कचरेल, कारण तो स्वतःच गुन्हेगार ठरलेला असेल.

युरोपचा नियम डोक्यावर घेऊन नाचण्याचे मात्र कारण नाही. कोणीही चालक नसलेल्या, पूर्णतः विकेंद्रित व्यवहारांना तो हात लावत नाही. बँकेतील ठेवीला असते तशी विम्याची हमी येथे नाही, आणि भाव कोसळला तर ग्राहक एकटाच. शिवाय एका देशाने दिलेला परवाना सर्व सत्तावीस देशांत चालत असल्याने कंपन्या सर्वांत सैल नियामक शोधतात, ही भीती त्यांच्याकडेही बोलून दाखविली जाते. भारतात असा कायदा करताना परवाना देणारी संस्था एकच असावी आणि ती संसदेला उत्तरदायी असावी.

महाराष्ट्रात 1999 चा ठेवीदार हितसंरक्षण अधिनियम आहे. पेढी बुडाल्यावर मालकाची मालमत्ता जप्त करून ती विकण्याचा मार्ग त्याने मोकळा केला. परंतु हात वर केलेल्या चालकाची मालमत्ता सापडेपर्यंत ठेवीदारांची वर्षे जातात, हा अनुभव मराठवाड्याला नवा नाही. तेव्हा मागणी स्पष्ट हवी. ग्राहकाची मालमत्ता वेगळी ठेवण्याची सक्ती, हरवल्यास भरपाई, भारतात कार्यालय आणि भारतातच न्यायालय, आणि मराठीत धोक्याची सूचना. आभासी चलनातून मिळालेल्या कराचा हिशेब सरकार संसदेत देते. त्याच सभागृहात बुडालेल्या ग्राहकांचा हिशेब कोणी ठेवला, हा प्रश्न विरोधी बाकांवरून पुढच्या अधिवेशनात विचारला गेला पाहिजे, आणि तोवर तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या फसलेल्यांचे अर्ज लिहून घेण्यास हरकत नाही.