देयक मंजूर, दुखणे कायम!

रस्त्याला खड्डा पडला तर ठेकेदाराची अनामत अडवून ठेवणारे सरकार, रुग्णाचा टाका चिघळला तर नर्सिंग होमचा एक रुपयाही अडवत नाही. डांबराला दोषदायित्वाची मुदत आहे. माणसाच्या देहाला मात्र नाही!

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे कवच मिळते, याचे ढोल सरकार बडवते. त्या ढोलाआड काय चालते? तालुक्याच्या गावातले वीस खाटांचे नर्सिंग होम. खाटेवर म्हातारी. दाखल होताना फोटो, घरी सोडताना फोटो, आरोग्यमित्राच्या टेबलावर तिचा अंगठा. कागद पुरा, दावा मंजूर. मोफत पाठपुरावा दहा दिवसांचा. अकराव्या दिवशी जखमेतून पू आला, तर तिने एसटी धरून जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय गाठावे! पैसा टाका घातल्याचा मिळतो, तो भरून आल्याचा नव्हे.

या योजनेशी जोडलेल्या केंद्राच्या आयुष्मान भारतच्या दरात रुग्णालयांच्या दर्जाच्या ‘एनएबीएच’ मानांकनासाठी १० ते १५ टक्के वाढ आहे, हे खरे. पण भिंतीवरच्या प्रमाणपत्राने रात्री दोन वाजता ताप पाहायला परिचारिका येते काय? आणि कागदावर विसंबण्याचे फळ काय, ते ‘कॅग’ने २०२३ साली दाखवले : आयुष्मान भारतच्याच नोंदींत आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६ कोटी ९७ लाख रुपये अदा झाले. जिथे मेलेल्याचे बिल अडत नाही, तिथे जिवंताचे हाल कोण मोजणार?

मोजता येत नाही, ही सबब चालणार नाही. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने ऑक्टोबर २०१८पासून शुश्रूषागृहांच्या देयकातून २ टक्के कापून, किती रुग्ण पुन्हा इस्पितळात परतले हे पाहून, त्यातला वाटा चांगल्यांना परत द्यायला सुरुवात केली. हा चिमटा फार हलका आहे, पण निदान दुखऱ्या जागी आहे.

डॉक्टर म्हणतील, दर तुटपुंजे, देयके थकलेली. तक्रार रास्त आहे! दर वाढवा, थकबाकी वेळेत चुकवा. अवघड रुग्ण घेणाऱ्याला जादा गुण द्या, नाहीतर मरणाच्या दारातला माणूस कोणी दारातही उभा करणार नाही. पण त्यानंतर देयकाचा एक हिस्सा राखून ठेवा, तिसाव्या दिवशी रुग्णाला फोन करा, पुन्हा दाखल झालेले आणि जंतुसंसर्ग झालेले मोजा आणि प्रत्येक नर्सिंग होमचा निकाल त्याच्याच दारावर लावा.

सत्यशोधकाचे नाव योजनेला देऊन वर्षे लोटली. आता एकदा सत्य शोधा! ते दाव्याच्या फायलीत नाही. घरी परतलेल्या म्हातारीच्या जखमेवरच्या पट्टीखाली आहे.