विश्लेषण : रॅम महागली, मग ‘स्वॅप’वर भागेल का? संगणकात त्यासाठी किती जागा राखावी?

‘विंडोज १०’चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. त्यामुळे जुना लॅपटॉप असलेल्यांसमोर विंडोज ११ किंवा लिनक्सकडे वळण्याचा प्रश्न उभा राहिला. नेमक्या त्याच सुमारास रॅमच्या किमती भडकल्या. आहे त्या ४ किंवा ८ जीबी रॅमवरच भागवायचे, तर ‘स्वॅप’ किती कामी येईल?

रॅम का महागली?

जगातील बहुतांश मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. एआय डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत नफा अधिक असल्याने उत्पादनाचा ओघ तिकडे वळला. मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा ब्रँड बंद करण्याची घोषणा डिसेंबर २०२५ मध्ये केली. साहजिकच घरगुती संगणकासाठीची रॅम टंचाईत सापडली.

स्वॅप म्हणजे काय?

रॅम म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा आणि स्वॅप म्हणजे माळा. ओट्यावर जागा उरली नाही की सध्या न लागणारी भांडी माळ्यावर जातात. तसेच रॅम भरत आली की संगणक वापरात नसलेली माहिती डिस्कवरील राखीव जागेत हलवतो. लिनक्समध्ये या जागेला ‘स्वॅप’ म्हणतात, तर विंडोजमध्ये ‘पेजिंग फाइल’.

पण माळ्यावरचे भांडे काढायला वेळ लागतोच. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीला त्याच्या सुमारे हजारपट, तर जुन्या हार्ड डिस्कला सुमारे लाखपट वेळ लागतो. म्हणून स्वॅपमुळे काम अडत नाही, पण वेग वाढतही नाही.

‘रॅमच्या दुप्पट’ हा नियम आजही लागू आहे?

रॅम मोजक्या एमबीमध्ये मिळायची, तेव्हा हा नियम ठीक होता. आज १६ जीबी रॅमसाठी ३२ जीबी जागा अडवण्यात अर्थ नाही. लिनक्स क्षेत्रातील ‘रेड हॅट’ कंपनीची शिफारस अशी : २ जीबीपर्यंत रॅम असेल तर स्वॅप दुप्पट, २ ते ८ जीबी असेल तर रॅमइतका आणि ८ जीबीहून अधिक असेल तर किमान ४ जीबी. म्हणजे रॅम जितकी जास्त, तितकी स्वॅपची गरज कमी.

अपवाद ‘हायबरनेट’चा. त्यात संगणक पूर्ण बंद होण्यापूर्वी रॅममधील माहिती डिस्कवर उतरवली जाते. लिनक्समध्ये ती स्वॅपमध्येच जाते. त्यामुळे ही सोय हवी असल्यास रेड हॅट २ ते ८ जीबी रॅमसाठी दुप्पट आणि त्यापुढे ६४ जीबीपर्यंत दीडपट स्वॅप सुचवते.

स्वॅप पूर्ण बंद केला तर?

‘एसएसडी झिजते, स्वॅप बंद करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. एसएसडीवर लिहिण्याला मर्यादा असते हे खरे. पण स्वॅप नसताना रॅम संपली, तर लिनक्स एखादा प्रोग्रॅम थेट बंद पाडतो. तो अर्धवट लिहिलेला प्रकल्प अहवालही असू शकतो. विंडोजमध्ये पेजिंग फाइलचा आकार सिस्टीमलाच ठरवू देणे सर्वात सुरक्षित.

मोबाइलमधील ‘८+८ जीबी’चे काय?

जाहिरातीतील दुसरे ८ जीबी ही खरी रॅम नसते. फोनच्या स्टोरेजमधलीच जागा त्यासाठी वापरली जाते. मागे पडलेली ॲप्स थोडी अधिक काळ उघडी राहतील, पण असा फोन १६ जीबी रॅमच्या फोनची बरोबरी करू शकत नाही. तुलना पहिल्या आकड्याचीच करावी.

मग नेमके काय करावे?

आधी नेहमीची कामे सुरू ठेवून विंडोजच्या ‘टास्क मॅनेजर’मध्ये किंवा लिनक्सच्या ‘सिस्टीम मॉनिटर’मध्ये मेमरीचा वापर पाहावा. रॅम क्वचितच भरत असेल, तर ४ ते ८ जीबी स्वॅपवर निभावते. उबुंटूमध्ये १७.०४ आवृत्तीपासून स्वॅपसाठी साधी फाइल वापरली जात असल्याने आकार नंतरही बदलता येतो. फेडोरा ३३ पासून, म्हणजे २०२० पासून, फेडोरात ‘झेडरॅम’ ही सोय आहे. ती माहिती रॅममध्येच दाबून बसवते, त्यामुळे डिस्कपर्यंत जावे लागत नाही.

जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवण्याचा विचार करावा. मात्र रॅम रोजच भरत असेल आणि संगणक सतत अडखळत असेल, तर स्वॅप वाढवून फरक पडणार नाही. तेव्हा रॅमच वाढवावी लागेल. पैसे मोजण्यापूर्वी लॅपटॉपमध्ये रॅमचा स्लॉट आहे की ती मदरबोर्डवरच जोडलेली आहे, हे तपासून घ्यावे. रॅम जोडलेली असेल आणि दुसरा स्लॉटही नसेल, तर ती वाढवता येत नाही.