बावला खुनाची किंमत कोणी मोजली?

गेल्या आठवड्यात धानाचा भाव ऐकावयास आम्ही गोंदियाच्या बाजारात गेलो होतो. चहाच्या दुकानात चारपाच असामी बिडी ओढीत बसल्या होत्या आणि इंदूरच्या तुकोजीराव होळकरांची जुनी गोष्ट रंगात आली होती. मुमताज बेगम दिसावयास कशी होती, तिच्या अंगावर दागिने किती होते, मोटार कोणत्या रंगाची होती, हे सारे त्या मंडळींस तोंडपाठ! एक म्हातारबुवा म्हणाले, "राजेलोकांचे असेच चालायचे." दुसरा गृहस्थ हळूच बोलला, "होळकर आपल्यांतले. त्यांची अब्रू आपणच कशाला चव्हाट्यावर आणावी?" या दुसऱ्या बोलण्याला उत्तर देणे आम्हांस भाग आहे.

आधी हकीकत ऐका. मुमताज ही एका गाणारणीची लेक. लहान वयातच ती इंदूरच्या वाड्यात गेली व सुमारे दहा वर्षे तेथे होती. आपण तेथे कैदेतच होतो आणि आपली तान्ही मुलगी दाईने मारली, असे तिने सांगितले. मसुरीला नेत असता ती दिल्लीस गाडीतून उतरली, ती परत गेलीच नाही. पुढे मुंबईस अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याच्या आश्रयाने राहू लागली. १२ जानेवारी १९२५ रोजी संध्याकाळी मलबार हिलवर दोघांची मोटार अडविण्यात आली. बावला गोळ्या लागून मेला. मुमताजच्या तोंडावर सुरीचे वार झाले. गोल्फ खेळून परतणारे गोरे लष्करी अधिकारी त्याच वेळी तेथे येऊन पोचले, म्हणूनच ती वाचली. त्यांतल्या एकाने तर खेळाच्या काठीनेच मारेकऱ्यांना झोडपले.

खटला मुंबईच्या हायकोर्टात न्यायमूर्ती क्रंप यांच्यापुढे चालला. आरोपी नऊ, बहुतेक इंदूर दरबारचे चाकर. सरदार आनंदराव फणसे यांच्या बचावास बॅरिस्टर जिना उभे राहिले. फणश्यांना जन्मठेप झाली. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली, त्यांतला पोंडे वेडा झाला म्हणून त्याची फाशी टळली. शफी अहमद व शामराव दिघे यांना मात्र दोर चुकला नाही.

आणि महाराज? त्यांच्यावर खटला झाला नाही, म्हणून त्यांस खुनी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. पण सरकारने चौकशी मंडळापुढे या, नाहीतर गादी सोडा, असे सांगितले तेव्हा त्यांनी गादी सोडली. फेब्रुवारी १९२६ मध्ये मुलगा यशवंतराव गादीवर बसला आणि चौकशी कायमची राहून गेली. ज्याच्या मनात काही नाही त्याने उजळ माथ्याने चौकशीस सामोरे जावे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. तुकोजीराव १९७८ साली पॅरिस शहरी वारले. दिघ्याच्या घरी त्या फाशीनंतर चूल कशी पेटली असेल, हे त्या चहाच्या दुकानात कोणी विचारले नाही.

आता 'आपल्यांतले' या शब्दाकडे येऊ. मल्हारराव मेंढरे राखणाऱ्याच्या घरचे. अहिल्याबाईंनी बांधलेले घाट आणि विहिरी आजही लोकांच्या उपयोगी पडतात. याचा अभिमान आम्हांस आहे आणि राहील. पण तोच अभिमान मलबार हिलच्या रस्त्यावर पांघरूण म्हणून टाकावयाचा नाही. माळव्यातल्या कुणब्याने भरलेल्या साऱ्यावर तो वाडा, त्या मोटारी आणि ते चाकर पोसले जात होते. सारा देणारा धनगर असो की कुणबी, की बलाई, त्याला विचारून पैसा खर्च होत नव्हता. भटाच्या घरच्या भानगडीवर आपण टाळ्या पिटाव्या आणि आपल्या राजाच्या भानगडीवर डोळे मिटावे, हा न्याय आम्हांस मान्य नाही.

आणखी एक मौज. मार्च १९२८ मध्ये तुकोजीरावांनी अमेरिकेतल्या नॅन्सी मिलर या बाईशी लग्न केले. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी तिला शुद्ध करून घेतले, धनगर कुळात तिला दत्तक घेतले गेले आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. बाईंबद्दल आमचे काही म्हणणे नाही. कोणी कोणाशी लग्न करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, मार्च १९२७ मध्ये, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले म्हणून आमच्याच देशातल्या माणसांची डोकी फुटली आणि पुढे ते तळेच शेणामुताने शुद्ध करण्यात आले! परदेशची बाई महाराजांच्या घरी येताच शास्त्राला वाट सापडते, आणि ओंजळभर पाण्यासाठी मात्र शास्त्र आडवे येते.

आमच्या भागातही मालगुजारांचे वाडे होते. १९५१ साली मालगुजारी गेली. तलाव उरले, आणि वाड्यांच्या गोष्टीही उरल्या. त्या गोष्टींत मालगुजाराच्या शौकाचे वर्णन असते, आणि ज्या बाईला रात्री बोलावणे येई तिचे नाव नसते. मुमताज बेगमने निदान कोर्टात उभे राहून, तोंडावरच्या जखमांसकट, आपले म्हणणे सांगितले. त्याच वर्षी या प्रकरणावर 'कुलीन कांता' नावाचा बोलपट नव्हे, मूकपट निघाला आणि लोकांनी तिकिटे काढून तो पाहिला.

पुढच्या बाजारी आम्ही पुन्हा त्याच दुकानात बसणार आहोत. मोटारीचा रंग सांगणाऱ्या गृहस्थांस शामराव दिघे कोण होता, एवढे विचारावयाचे आहे.