मुरूम, घाम आणि चार दिवसांची घाई

मंडळी, आज विषय जरा वेगळा आहे. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या बाईने मुरमांवर लिहावं ही तशी गंमतच. माझ्या चेहऱ्यावर आता सुरकुत्यांनाच जागा पुरत नाही, तिथे पुटकुळीला कोण विचारतो! पण आठवी ते दहावीच्या वर्गांसमोर पस्तीस वर्षं उभी राहिले. त्या वयातले चेहरे माझ्याइतके फार थोड्यांनी पाहिले असतील. पहिल्या बाकावर बसणारी मुलगी अचानक मागे जाऊन बसायला लागली, की शंभरातल्या निम्म्या वेळा कारण तिच्या गालावर असायचं. आणि आमचा मुलूख रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा. इथे सप्टेंबर संपला की ऑक्टोबरचा उकाडा, मार्चपासून परत घाम, आणि मधे चार महिने पाऊस. अंग कोरडं असं राहतच नाही.

आमच्या सूनबाई अकोल्याच्या. तिकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, आमच्याकडे ३३-३४ च्या आसपास रेंगाळतो. पहिल्या उन्हाळ्यात ती म्हणाली, "आई, इथे ऊन कमी आहे, पण श्वास घ्यायलाच जागा नाही." बरोबरच आहे. अकोल्यात घाम येतो आणि क्षणात वाळतो. इथल्या हवेत आधीच इतकी वाफ, की घामाला जायला वाटच नसते. तो तिथेच बसतो, तेलात मिसळतो. माहेरी कधी पुटकुळी न आलेल्या या मुलीला लग्नानंतर तीन महिन्यांत हनुवटीभर मुरूम आले. शेजारच्या काकूंनी निदान करून टाकलं, सासर मानवलं नाही! (सासर म्हणजे मी. असो.) प्रत्यक्षात ती माहेरच्या सवयीने रात्री चेहऱ्याला साय चोळत होती. अकोल्याच्या कोरड्या थंडीत ठीक असेल, पण आमच्याकडच्या हवेत ती साय जिरणार कुठे?

माझी एक भाची त्वचेची डॉक्टर आहे. तिने मला एकदा कागदावर चित्र काढून समजावलं. प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. वयात येताना संप्रेरकं वाढतात, तशी ती ग्रंथी जास्त तेल सोडते. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशींचं बूच बसतं, आत तेल साठतं, त्यावर आपल्या त्वचेवर कायम राहणारे जंतू वाढतात आणि सूज येते. हा झाला मुरूम. यात मळाचा संबंध कुठे आला? दमट हवेत त्वचा घामाने भिजून किंचित फुगते, छिद्रांची तोंडं आवळतात, आणि ज्याचा कल मुरमांकडे आहे त्याचा त्रास वाढतो. बाकी हे दुखणं जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत 'मुखदूषिका' म्हणून त्याचं वर्णन आहे आणि त्या पुळ्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. आमच्याकडे डोंगरात काटेसावर भरपूर. कोवळ्या झाडाच्या खोडावरचे ते जाड बुंध्याचे, टोकदार काटे ज्याने पाहिलेत त्याला ही उपमा किती नेमकी आहे ते कळेल.

मळाचा संबंध नाही हे मी मुद्दाम लिहिते, कारण घरोघर पहिला आरोप तोच असतो. "नीट तोंड धूत नाहीस." मग ते पोर दिवसातून सहा वेळा साबण लावतं, खरखरीत टॉवेलने घासतं, आणि चेहरा आणखी लाल होतो. सौम्य फेसवॉशने दोनदा धुणं पुरे. खेळून किंवा दुपारच्या उन्हातून आल्यावर साध्या पाण्याने घाम धुवावा आणि मऊ कापडाने टिपावा. त्यावर पातळ, जेलसारखं मॉइश्चरायझर लावायचं म्हटलं की लोक डोळे मोठे करतात. तेलकट चेहऱ्याला आणखी ते कशाला? पण मुरमांची औषधं त्वचा कोरडी करतात, आणि कोरडी होऊन सोलायला लागली की मुलं औषधच सोडून देतात. उन्हाचं क्रीमही हवं, तेही जेलचंच, कारण मुरूम गेला तरी मागे राहणारा काळा डाग उन्हाने आणखी गडद होतो.

आता तेल. हा विषय घराघरात नाजूक आहे याची मला कल्पना आहे. आमच्या शाळेत मुलींना दोन वेण्यांची सक्ती होती, आणि वेण्या म्हणजे चापूनचोपून तेल हे ओघानेच आलं. सकाळी साडेदहाला प्रार्थनेला उभ्या असतानाच ते खोबरेल घामाबरोबर कपाळावर उतरलेलं असे. केस जिथे सुरू होतात तिथे, कपाळाच्या कडेने, बारीक पुटकुळ्यांची रांग. गालावर काही नाही, फक्त कपाळावर. मुलग्यांमध्ये हे कमी दिसे. मी वर्गातल्या मुलींना सांगत असे, तेल शनिवारी रात्री लावा आणि रविवारी केस धुवा, रोज सकाळी चोपडून येऊ नका. दोन-तीन आज्या माझ्याशी भांडायलाही आल्या होत्या. "बाई, आमची मुलगी काय भुतासारखी येईल शाळेत?" खोबरेल तेलाशी माझं वैर नाही. केसांना लावा, वेणीला लावा. कपाळाला नको एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

तसंच आंब्याचं. "आंबा उष्ण, म्हणून पुळ्या येतात" हे वाक्य प्रत्येक मे महिन्यात ऐकायला मिळतं. देठाशी जो चीक असतो तो ओठाला, गालाला लागला की तिथली कातडी भाजते, फोड येतात. तो मुरूम नव्हे, ती चिकाची इजा. आंबे तासभर पाण्यात घालून, देठाकडचा भाग कापून खाल्ले तर प्रश्न मिटतो. खाण्याचा संबंध अगदीच नाही असंही नाही. रक्तातली साखर झटकन वाढवणारं खाणं आणि काही जणांच्या बाबतीत दूध यांनी मुरूम वाढतात असं दिसलं आहे. हल्ली मुलगे जिममध्ये जाऊन डबाभर प्रोटीन पावडर पितात, तीही दुधाचीच असते. पण म्हणून घरातल्या एकुलत्या एका पोरीच्या ताटातला हापूस काढून घेऊ नये. तेवढं पाप कोकणात तरी कुणी करू नये.

घरगुती उपायांबद्दल मी फार लिहीत नाही, प्रत्येकीची आपली पोथी असते. हळद, डाळीचं पीठ यांनी फार बिघडत नाही. लिंबाला मात्र माझा साफ विरोध आहे. लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात गेलं की काळे चट्टे उठतात, महिनोन्‌महिने जात नाहीत. टूथपेस्ट आणि खायचा सोडा यांचं काम स्वयंपाकघरात आणि मोरीत.

इथपर्यंतचं सगळं तुम्हीही कुठे ना कुठे वाचलं असेल. मला लिहायचं होतं ते पुढचं.

मुरमांवर खरी औषधं आहेत आणि ती चांगली आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड आहे, अडापॅलीन आहे. पण ती सावकाश काम करतात. फरक दिसायला दोन-तीन महिने जातात. पहिल्या काही आठवड्यांत तर चेहरा जळजळतो, सोलतो, कधी कधी मुरूम वाढल्यासारखे दिसतात. बेंझॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात ते वेगळंच (आमच्याकडे आता नातवासाठी पांढरा अभ्रा वेगळा ठेवला आहे). आई म्हणते, "मेलं औषध लागलंच नाही, उलट बिघडलं." आणि ट्यूब कपाटात जाते.

मग कुणीतरी मेडिकलमध्ये जातं आणि काउंटरवर विचारतं, "चेहऱ्यासाठी काहीतरी द्या हो." तिथून जी ट्यूब मिळते तिने चार दिवसांत चेहरा स्वच्छ होतो. लाली जाते, रंगही उजळल्यासारखा वाटतो. सगळ्या वाडीत तिचं नाव होतं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. ते सूज दाबतं, रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून चेहरा गोरा दिसतो. महिन्या-दोन महिन्यांनी कातडी पातळ होऊ लागते. लाल शिरांचं जाळं दिसतं, बारीक लव वाढते, उन्हात गेलं की आग होते, आणि स्टेरॉइडचेच म्हणून नवे मुरूम उठतात. लावणं थांबवलं की सगळं दुपटीने उसळतं, म्हणून ती व्यक्ती पुन्हा ट्यूब आणते. चांगल्या औषधाची सुरुवात वाईट आणि या औषधाची सुरुवात झकास, अशा वेळी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने कशावर विश्वास ठेवावा?

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची लेक बारावीत होती. कपाळावर आणि गालावर दहा-बारा मुरूम, एवढंच. एका मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब तिने आठ महिने लावली. मी तिला पाहिलं तेव्हा दुपारी तीन वाजता खिडक्या लावून, ओली ओढणी तोंडावर घेऊन पडली होती. गाल भाजल्यासारखे लाल. कॉलेजला जाणं तिने सोडलं होतं, कारण एसटी स्टँडपर्यंतचं दहा मिनिटांचं ऊनही सोसवत नव्हतं. भाचीने तिला तपासलं. बरं व्हायला वर्षाहून जास्त लागलं, आणि प्रॅक्टिकल्स बुडाल्यामुळे बारावीचं वर्ष गेलं ते गेलंच. मूळचे मुरूम नीट औषधाने तीन-चार महिन्यांत आटोक्यात आले असते.

कायदा नाही असं नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केल्यावर २०१८ साली केंद्र सरकारने चौदा प्रकारची स्टेरॉइड मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. कागदावर येत नाहीत. तालुक्याच्या गावी जाऊन पाहा. मी सगळ्या दुकानदारांना दोष देत नाही, आमच्या नाक्यावरचा एक मुलगा चिठ्ठी नसेल तर सरळ नाही म्हणतो आणि गिऱ्हाइकांच्या शिव्या खातो. पण आपणही मागतोच ना! म्हणून एक करा. घरातल्या ट्यूब बाहेर काढा, चष्मा लावा आणि बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ती ट्यूब मुरमांसाठी नाही. वांगाच्या डागांवर डॉक्टर थोडे दिवस देतात त्या तीन औषधांच्या क्रीममध्येही स्टेरॉइड असतं, आणि लोक तेच गोरं होण्यासाठी वर्षानुवर्षं लावतात. कुणी असं काही बरेच महिने लावत असेल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा.

दमट हवेत आणखी एक फसगत होते. छाती, पाठ, कपाळ यांवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या येतात. ते बुरशीचं काम असू शकतं. त्यावर मुरमांचं औषध चालत नाही, अँटिबायोटिकने तर वाढतं. खाज हे लक्षण लक्षात ठेवावं. आणि मोठ्या, दुखणाऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, किंवा मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर राठ केस येत असतील, तर "वय झालं की जाईल" म्हणत बसू नये. मुरूम वयाबरोबर जातात बहुतेकांचे, खड्डे जात नाहीत. गोळ्यांचाही उपाय आहे. त्यातली एक गोळी फार गुणकारी आहे, पण गरोदरपणात गर्भाला भयंकर घातक, त्यामुळे ती डॉक्टरच्या देखरेखीशिवाय घ्यायचीच नाही, मैत्रिणीच्या पाकिटातली तर नाहीच नाही.

ही सगळी घाई येते कुठून? मुलांना आरशाची घाई असते हे खरं, पण त्यांना घाई लावतो आपण. लग्नकार्यात, मुंजीत, हळदीकुंकवाला, भेटल्याबरोबर पहिलं वाक्य, "अगं काय हे चेहऱ्याचं करून घेतलंयस?" जणू तिने हौसेने करून घेतलं! त्यानंतर पाच जणींचे पाच उपाय. पाहण्याचा कार्यक्रम ठरला असेल तर विचारायलाच नको, पंधरा दिवसांत चेहरा 'क्लिअर' पाहिजे. पंधरा दिवसांत ते करून दाखवणारी एकच गोष्ट बाजारात आहे, आणि ती कुठली ते वर लिहिलं आहे.

गणपतीला बरीच मंडळी गावी येणार आहेत. घरात या वयाची चार नातवंडं असतील, त्यातल्या दोघांचे उपचार चालू आहेत आणि सध्या त्यांचे चेहरे सोललेले, लालसर आहेत. तिसरा महिना अजून यायचा आहे. त्यांच्या चेहऱ्यावर कुणी काही बोलू नये ही माझी सगळ्या आत्या, मावश्या, काकूंना आत्ताच विनंती. बोलायचंच असेल तर थोरलीने यंदा आरतीला पेटी धरली आहे, त्याबद्दल बोला. आणि शिकागो-न्यू जर्सीच्या मंडळींनी त्या जाड क्रीमच्या डब्या आणू नयेत. तिकडच्या बर्फात त्या उत्तम असतील. इथे त्या माझ्या टाचांना लागतात, त्याही डिसेंबरात, आणि मागच्या दोन अजून संपलेल्या नाहीत.