आखडलेल्या बोटांचे मोजमाप

सिस्टिमिक स्क्लेरोसिस, म्हणजे स्क्लेरोडर्मा, हा शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार. त्वचा कडक होते, बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, फुप्फुसे ताठरतात. डॉक्टरांची नजर फुप्फुस, हृदय आणि मूत्रपिंडावर असते, कारण जीवाला धोका तिथेच असतो. पण हा आजार वर्षानुवर्षे काढलेला माणूस परावलंबी कशाने होतो, हे विचारले तर उत्तर बहुधा हाताशी येऊन थांबते. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत अपंगत्वाशी धापेचा संबंध दिसतोच. पण आखडलेली बोटे, सांधेदुखी, बोटांच्या टोकांच्या जखमा, थकवा आणि नैराश्य हेही पुन्हा पुन्हा दिसतात. त्वचेचा कडकपणा १७ जागी चिमटीत धरून मोजतात आणि ० ते ५१ गुण देतात. अनेकांची त्वचा काही वर्षांनी आपोआप सैल पडते, गुण उतरतात, कागदावर सुधारणा दिसते. बोटे मात्र वाकलेलीच राहतात. कणीक मळता येत नाही, साडीच्या निऱ्या धरवत नाहीत, कुकरचे झाकण लागत नाही. या आजाराचे रुग्ण बहुतांशी स्त्रिया आहेत, म्हणून ही उदाहरणे किरकोळ समजू नयेत.

आधी जीव वाचवा, बोटांचे मग पाहू, हा आक्षेप वजनदार आहे. पण या रुग्णांचा सर्वाधिक बळी एकेकाळी मूत्रपिंडाच्या झटक्याने जात असे. एसीई इनहिबिटर गटातल्या औषधांनी ते चित्र पालटले. माणसे जगू लागली म्हणूनच ती कशी जगतात हा प्रश्न उभा राहिला. दुसरा आक्षेप संशोधकांचाच: संबंध म्हणजे कारण नव्हे, नैराश्याने हालचाल कमी होते की हात चालेनात म्हणून नैराश्य येते? मला वाटते, दोन्ही. पण बोटांच्या व्यायामाला आणि मनाच्या उपचाराला या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आखडलेले बोट पुन्हा सरळ करणे फार अवघड असते. चित्रकार पाउल क्ले याचे नाव इथे हमखास निघते. त्याला हाच आजार असावा, असे निदान मृत्यूनंतर झाले. १९३६ मध्ये त्याच्या हातून जेमतेम २५ कलाकृती झाल्या, १९३९ मध्ये बाराशेंहून अधिक. जिद्दीचा दाखला म्हणून हे सांगतात खरे, पण त्याचे हात बऱ्यापैकी वाचले होते, असे त्याच्या आजाराचा अभ्यास करणाऱ्यांचे मत आहे. मग हा दाखला जिद्दीचा की हातांचा?

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार ७ वरून २१ केले. त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, सिस्टिमिक नाही. नावे सारखी वाटली तरी हे दोन अगदी वेगळे आजार. यादीत आणखी एक नाव वाढवा, एवढीच माझी मागणी नाही. अशा रुग्णाला आजही अस्थिव्यंगाच्या प्रकारातून अर्ज करता येतो, पण बहुतेक सवलतींसाठी लागणारी ४० टक्क्यांची रेषा गाठली की नाही, हे मुख्यतः सांध्यांच्या हालचालीवर आणि स्नायूंच्या ताकदीवर ठरते. सकाळी गार पाण्याने निळी पडणारी बोटे आणि दुपारी अंगातून त्राणच जाणे, हे कोनमापकाने कसे मोजणार? रोजची कोणती कामे जमतात आणि कोणती नाहीत, हे विचारणाऱ्या प्रश्नावल्या १९८० पासून वापरात आहेत. प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने निदान तेवढे तरी विचारावे.