आधी तार, मग पेडल

मंडळी, आमच्या महाड-पोलादपूरकडच्या सप्ताहात पखवाजवाला काय करतो, पाहिलंय? डाव्या पुडीवर ओली कणीक लावतो, थाप मारून ऐकतो, जास्त झाली तर काढतो. गिटारच्या पेडलचंही माझ्या मते तसंच आहे. जेवढी गरज तेवढीच!

हल्ली भजनात गिटार आली, त्याचा मला आनंदच आहे. पण चार-चार पेडल एकदम घेऊन सगळी एकाच वेळी चालू केली, की अभंगाचे शब्दच बुडतात. शब्द गेले तर भजन कसलं?

म्हणून पहिला खर्च नव्या तारा आणि ट्यूनरवर करावा. मग एकच पेडल घ्यावं, महिनाभर वाजवावं. जोडणीचा रुळलेला क्रम असा: ट्यूनर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले आणि शेवटी रिव्हर्ब. डिलेच्या पुढे ओव्हरड्राइव्ह जोडलं तर प्रतिध्वनीही फाटतात, नुसता कालवा होतो. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट लागतात आणि अ‍ॅडॉप्टरची मधली पिन ऋण असावी लागते. तरी पेडलवरची खूण पाहूनच जोडावं. घूंऽऽ असा आवाज येत असेल तर आधी वायर आणि अ‍ॅडॉप्टर तपासावेत. आणि स्लॅबच्या देवळात आवाज मुळातच घुमतो, तिथे रिव्हर्ब बंदच बरं.

पोरांनो, पगारातले पैसे जपून खर्च करा. गोडवा आधी बोटांत यावा लागतो, तो दुकानात मिळत नाही.

असो. तुम्हांला काय वाटतं? जरूर लिहा.