यंत्राला दोरी आहे, बाईला काय?

खिडकीच्या काचा पुसणारा रोबो आता आपल्या शहरांतल्या घरांत शिरू लागला आहे. वजन साधारण किलो-दीड किलो. पोटातल्या पंख्याने हवा खेचून तो काचेला चिकटतो आणि खाली लावलेल्या फडक्याने काच पुसत फिरतो. वीज गेली तर लगेच पडू नये म्हणून त्याच्यात बॅटरी असते. पुष्कळ यंत्रांत ती वीसेक मिनिटे तग धरते. तरीही पडलाच तर लोंबकळत राहावा म्हणून त्याला एक दोरी बांधायची असते. तिचे दुसरे टोक घरातल्या भक्कम वस्तूला बांधा, असे माहितीपुस्तिकेत बजावलेले असते.

मैत्रिणींनो, मला त्या पुस्तिकेचा हेवा वाटतो. एका यंत्राच्या जिवाची केवढी ही काळजी!

मोलकरणींच्या बैठकांना मी बरीच वर्षे जाते आहे. दिवाळीच्या साफसफाईचे बोलणे निघाले की खिडक्या येतातच. एक पाय घरात, एक पाय कट्ट्यावर, एका हाताने चौकट धरायची आणि दुसऱ्या हाताने बाहेरची काच पुसायची. पाचवा मजला असो की पंधरावा, रीत हीच. यांतल्या कुणाला कधी मालकांनी दोरी बांधली, असे मी एकीच्याही तोंडून ऐकलेले नाही. बाई पडली तर बातमीत येते, ‘तोल जाऊन पडली’. जसा काही तोल आपणहूनच गेला! तिला त्या कट्ट्यावर कुणी चढवले, हे बातमीत नसते.

मग रोबो आला हे बरेच झाले, असे कुणी म्हणेल. मीही म्हणेन. यंत्राने जीव वाचत असेल तर यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. पण ते वापरायचे कसे, हे आधी नीट पाहू या.

सरकत्या खिडकीच्या बाहेरच्या काचेवर रोबो लावायचा तर हात बाहेर काढावा लागतो. काम झाल्यावर उतरवायला पुन्हा हात बाहेर. ओले फडके, धुळीची काच किंवा काचेवरचा स्टिकर यांमुळे तो घसरला, मध्येच वीज गेली आणि तो वरच्या कोपऱ्यात अडकला, तर कुणीतरी वाकून त्याला ओढणार. हे ‘कुणीतरी’ कोण? विकत घेणारा कोण आणि चालवणारी कोण, हे मिक्सरपासून वॉशिंग मशीनपर्यंत आपण पाहिलेच आहे. पाहुण्यांसमोर बटण दाबून दाखवायला घरधनी असतो. फडके बदलायला आणि खिडकीतून वाकायला घरची बाई असते किंवा कामाची बाई. पुस्तिका बहुधा इंग्रजीत. जी वाकणार तिला ती कुणी वाचून दाखवत नाही.

म्हणून सुरक्षिततेचे नियम यंत्रापासून नव्हे, बाईपासून सुरू झाले पाहिजेत. पहिला नियम असा: खांदा चौकटीबाहेर जात असेल तर ती काच रोबोनेही पुसायची नाही. दुसरा: वीज गेली, यंत्र अडकले, तर बॅटरी आहे तोवर आत उभे राहून दोरीनेच, काचेला समांतर, हळूहळू ओढून घ्यायचे. झेप घ्यायची नाही. यंत्र गेले तर जाऊ दे. तिसरा: दोरी न बांधता, तडा गेलेल्या काचेवर किंवा पावसात ते लावायचेच नाही. विजेची वायर ओल्यात लोळू द्यायची नाही. ते चालू ठेवून बाजाराला जायचे नाही. चौथा: खाली कोण आहे ते पाहायचे. तीस मीटरवरून सुटलेली वस्तू, हवेचा अडथळा सोडला तर, जमिनीवर येईपर्यंत ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे जाते. खाली वॉचमन बसलेला असतो, मुले खेळत असतात, झाडणारी बाई असते.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा. ग्रिल काचेला लागून असेल तर रोबो मध्ये मावत नाही. तेव्हा ‘ग्रिल काढून टाकू’ अशी भाषा सुरू होते. नव्या टॉवरांत तर इमारतीची शोभा जाते म्हणून बाहेरून ग्रिल लावूच देत नाहीत. काच चकचकीत दिसावी म्हणून मुलांची आणि बायकांची आडकाठी काढायची, हा कुठला हिशेब? ग्रिल राहील. काच मळकी राहिली तरी चालेल.

ही अवाजवी मागणी नाही. सिंगापूरमध्ये इंडोनेशियातून आलेल्या अनेक मोलकरणी उंचावरून पडून मेल्या, तेव्हा २०१२ साली सरकारने नियम केला: तळमजला आणि सामाईक व्हरांड्याकडच्या खिडक्या सोडून बाहेरची बाजू पुसून घ्यायची तर खिडकीला ग्रिल हवी, काम चालू असताना ती कुलूपबंद हवी आणि मालकाने किंवा त्याच्या जबाबदार माणसाने स्वतः हजर राहायला हवे. हाँगकाँगमध्ये २०१७ पासून परदेशी मोलकरणींच्या नव्या करारांत अट आली की अशा खिडकीबाहेर हातांखेरीज शरीराचा कुठलाही भाग जाता कामा नये. दोन्हीकडे आधी बायका मेल्या, मग नियम आले. आपण आणखी किती मरणांची वाट पाहणार?

आपल्याकडे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो नोंदणी आणि कल्याण योजनांचा आहे, खिडकीच्या कट्ट्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. घरकामगारांच्या सुरक्षित कामाचा हक्क मानणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ साली झाला. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. पण लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने राहते घर ही कामाची जागा आहे, हे मान्य केले. घर कामाची जागा असेल तर खिडकीही कामाचीच जागा आहे. मग तिथल्या धोक्याला जबाबदार कोण?

आणि पगाराचे काय? ‘आता मशीन आणले आहे, तुझे काम हलके झाले’ असे म्हणून पैसे कापले जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. यंत्र लावणे, त्याच्यावर नजर ठेवणे, फडकी धुणे, यंत्र उतरवणे हेही कामच आहे आणि जोखमीचे आहे.

यातला सगळ्यात अवघड भाग आपल्याच घरातला आहे. आपल्यातल्या अनेकींच्या घरी कामाला बाई येते. मोर्चात तिच्या बाजूने घोषणा द्यायच्या आणि दिवाळीच्या आधी तिला कट्ट्यावर चढवायचे, हे यापुढे चालणार नाही. मागण्या साध्या आहेत. बाहेरची काच पुसायला नाही म्हणण्याचा हक्क, आणि नाही म्हटल्यावर काम न जाण्याची हमी. यंत्र असेल तर ते कसे चालवायचे हे तिच्या भाषेत, हातात घेऊन दाखवणे. ते चालू असताना मालक घरी असणे. पगारात कपात नाही. सोसायटीच्या ठरावात ग्रिलला परवानगी.

मोलकरणींच्या संघटनांनी पुढच्या मागणीपत्रकात ही कलमे घालावीत. ज्या सोसायटीत आपण राहतो तिथल्या सर्वसाधारण सभेत आपणच उठून ती मांडावीत. यंत्राला जी दोरी मिळाली, ती बाईला मागावी लागते, हीच मुळात लाजेची गोष्ट आहे. पण मागितल्याशिवाय ती मिळणार नाही, हेही आपल्याला पक्के ठाऊक आहे.